मधल्या जागेचा ठेका

सीपरी बाजार, झाशी
१२ सप्टेंबर २०१४

चि. वामन यास शकूआत्याचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू दिल्लीत वेळेवर जेवतोस असं मी धरून चालते. खरं काय ते सांगू नकोस. विद्याबरोबर तुपाची बरणी पाठवते आहे. आपल्या गणेश मंडळाच्या नानासाहेबांची ही नात तिकडेच शिकते, तिला दारात ताटकळत ठेवू नकोस.

फोनवर तू "हाँ बुआ, ठीक हूँ" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचं तसं करता येत नाही. शिवाय मराठी वाचायला तुला वेळ लागतो. तेवढा वेळ तरी घरात असशील.

गणपती पार पडले. बड्या बाजारातून आणलेला नारळ खवट निघाला, तरी नानासाहेबांनी मोदकांवर हात मारलाच. आरतीला गर्दी चांगली होती. झांज मात्र शेवटी दुसऱ्यानेच वाजवली.

हे वाचून चमकला असशील. तुझ्या बाबांच्या, म्हणजे आमच्या दादाच्या झांजेशिवाय मंडळाची आरती कधी हलली आहे का? सांगते. पण त्यासाठी गेल्या वर्षीचं काढावं लागेल.

तू बँड घेऊन आलास, मांडवात वाजवायला उभा राहिलास. स्का की काय ते, जमैकाचं संगीत. गिटारचा फटका दोन ठोक्यांच्या मधेच पडत होता आणि त्या मधल्या जागेत तुझा माउथ ऑर्गन उड्या मारत होता. मला कळलं काही नाही, पण पाय हलत होते. आणि दादा पहिल्या रांगेतून उठला, झांज घेऊन थेट वर चढला आणि "वामन, सम धर! धर!" म्हणत तुमच्या डोक्यावर ठेका आपटू लागला. तुमचं गाणं कोसळलं. मांडव हसला. तू ऑर्गन खिशात घातलास आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून स्टेशन गाठलंस.

तुला वाटतं त्याने तुझा अपमान केला. अरे, तो घरी आला तो खुशीत! "मी होतो म्हणून निभावलं, नाहीतर पोराची फजितीच होती," म्हणाला. तू का गेलास, हे त्याला खरोखर कळलं नव्हतं. "नोकरीची घाई असेल" म्हणून माझीच समजूत घालत होता.

मग दिवाळीत विद्याने तुमच्या दिल्लीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला. तेच गाणं, आणि फटका त्याच "चुकीच्या" जागी. समोर पोरं नाचताहेत. दादाने ते पुन्हा लावायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे तो चुकत नव्हता?" त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

तेव्हापासून रोज विद्याकडून गाणी मागून घ्यायची, फोन डाव्या कानाला लावायचा आणि चमच्याने वाटीवर मधली जागा शोधायची. सापडली की माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, "वाटीला पोचे येताहेत."

डाव्याच कानाला. उजव्याने त्याला काहीच ऐकू येत नाही, वामन. सिविल लाइंसमधल्या डॉक्टरांनी सांगितलंय की डावाही जाणार. यंत्राने बोलणं थोडंफार कळेल, सूर कळणार नाहीत. हे तुला कळवू नकोस असं त्याने बजावलं होतं, म्हणून तर तुपापासून सुरुवात केली. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तर यंदाची आरती. पहिल्याच कडव्याला दादाची झांज मधेच पडली. पुन्हा मधेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नानासाहेब हळूच जवळ आले, "गोपाळराव, रहने दीजिए. ठेका सुटतोय तुमचा," म्हणाले आणि त्याच्या हातातून झांज काढून घेतली. मागे कुणीतरी हसलं. दादा रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवू लागला. त्याही मधेच.

घरी येताना मी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"नाही गं. हातच तिकडे जायला लागलाय." मग फाटक उघडताना म्हणाला, "वामनलाही तेव्हा असंच वाटलं असेल, नाही?"

वर्षभर तुम्हा दोघांच्या मधे मी निरोप्यासारखी उभी आहे, आणि एकाचाही निरोप दुसऱ्याला पोचवलेला नाही.

माफी वगैरे त्याला मागता येणार नाही, ती आशा सोड. आणि तुला त्याच्याशी बोलायचं ते पुढे, कान गेल्यावरही, लिहून दाखवता येईल. वाजवायचं ते कसं लिहिणार?

तेव्हा माउथ ऑर्गन घेऊन ये. अंगणात त्याच्या डाव्या हाताला बस आणि वाजव. झांज मी नानासाहेबांकडून परत आणली आहे. ती तो घेऊन बसेल. ठेका मधल्या जागी पडेल, नाहीतर भलतीकडेच पडेल.

या वेळी तू थांबू नकोस.

या घरात जिला अजून नीट ऐकू येतं, ती
तुझी शकूआत्या