चवळीखाऊ कर्नलशी बोलणी

आदरणीय कुंबा आत्या,

डाकारहून बकारीचा वाकून सलाम. तुमचे गुडघे, आतोबांचा खोकला, शेळ्या आणि भिंतीपलीकडची ती भांडखोर शेजारीण, सगळं ठीक असावं. सिरा घरी पोचल्याचं कळल्यापासून मी दिसेल त्याचे आभार मानत सुटलो आहे (कचेरीतल्या लिफ्टचेसुद्धा मानले). पण सगळ्यांत जास्त तुमचे मानायचे आहेत. ते का, तेच सांगतो.

शेजारच्या देशात सैन्यानं अध्यक्षांना कोंडून सरहद्द बंद केली, तेव्हा आपली सिरा, माझी एकुलती बहीण, तिथल्या कॉलेजच्या वसतिगृहात अडकलेली, आणि मी इथे परराष्ट्रमंत्र्यांचा दुभाषा म्हणून त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलेलो. सरकार विचार करत होतं. (सरकारचा विचार म्हणजे तुमचा मासेभात. मंद आच, आणि झाकण उघडायचं नाही.) सैन्य पाठवावं, तर सेनापती म्हणाले, ट्रक संचलनासाठी रंगवायला दिलेत. आपणही व्यापार तोडावा, तर ईदचे मेंढे तिकडूनच येतात. मेंढ्याविना ईद गेली तर बंड इथेच होईल, आणि ते बायका करतील. शेवटी ‘चिंता’ व्यक्त करावी की ‘तीव्र चिंता’, यावर अडून जेवणाची सुट्टी झाली. मी मात्र सुट्टीभर फोनशीच खटपटत बसलो. सिराचा फोन लागत नव्हता.

मग मंत्र्यांनी बंडाच्या म्होरक्यालाच फोन लावला. नाव कर्नल कुलिबाली. मंत्री मला म्हणाले, ‘सांग, आम्ही कडक निषेध करतो.’ मी माझं नाव सांगतो न सांगतो तोच तो गरजला, ‘कैता? दुसऱ्याच्या ताटात हात घालणारं कुळ! तुला रे कुणी फोनजवळ बसवलं?’ आत्या, लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना, की कुलिबाली दिसला की चवळीवरून चिडवायचं, आणि पिढ्यांच्या थट्टेच्या नात्यामुळे कैता-कुलिबाली कुळांनी एकमेकांवर रागवायचं नाही, एकमेकांना नाही म्हणायचं नाही? जीभ आपोआप सुटली. ‘अरे चवळीखाऊ, पोटात वारा धरला म्हणून कुणी देश उलथवतं का? आधी आमची पोरं घरी सोड!’

मंत्र्यांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्यांनी डोळेच मिटून घेतले. पलीकडे कर्नल हसून हसून खोकायला लागला. संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या बसगाड्या सुटल्या. मंत्रिमंडळानं हा ‘तीव्र चिंते’चा विजय म्हणून जाहीर केला. करू देत. माझ्या लेखी तो तुमचा आहे, आणि तुमचे उपकार मला या जन्मी फिटायचे नाहीत.

तुमचा भाचा,
बकारी कैता

ता. क. मंत्री मला तिथला राजदूत करायचं म्हणताहेत. ते टाळायला सबब म्हणून तुम्ही थोड्या आजारी पडाल का?

आणखी एक. फोन ठेवता ठेवता कर्नलनं हळूच विचारलं, ‘भावा, उद्या माझंच बंड फसलं तर तुझ्याकडे डोकं टेकायला जागा आहे का रे?’ नाही म्हणता येईना. माझी खोली तुम्ही पाहिलीच आहे. तुमचं तांबाकुंडा मात्र सरहद्दीच्या वाटेवरच. मागची खोली तेवढी झाडून ठेवाल का? आतोबांना इतक्यात सांगू नका. माणूस बंडखोर आहे, मान्य. पण सिरा सांगते, तिच्या बसमध्ये डिझेल नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या रणगाड्यातून काढून दिलं.