पडदाभर दाढ

३ मार्च, सोमवार

आमच्या कंपनीचं मशीन आज, काका कामाला आहे त्या दातांच्या लॅबमध्ये बसलं. बसवायला मीच! दुसरं कुणी मोकळं नव्हतं. आता तोंडाचा साचा स्कॅन करायचा, पडद्यावर दाताची कॅप आखायची, कोरायचं काम मशीनचं. काका आजवर हेच हाताने, मेणात करत आला.

लॅबच्या मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "महिनाअखेरपर्यंत शिकले तर उत्तम. नाहीतर मशीन आणि काका, दोघांना मी कुठे ठेवू?"

काकाला हे ठाऊक आहे. "या इंजिनीअरबाई! पुतणीच मुळावर आली म्हणायची."

तो हसला. मी नाही.

५ मार्च

काका मेण कोरताना डोळे मिटतो. अंगठ्याचं नख दाढेवरून फिरवतो, थांबतो, जरा खरवडतो, पुन्हा नख. का? विचारलं तर म्हणे, "सवय."

पटलं नाही. नख थांबलं तिथे मेण स्कॅन करून पाहिलं — खरंच उंचवटा! अगदी बारीक. पण मग डोळे का नाही वापरत? बोटांनी जास्त कळतं का? शोधायला हवं.

६ मार्च

शिकवणी. वाईट. काकाने माऊस सोडून नख थेट पडद्यावर फिरवलं!

"काका, काच आहे ती."

"कळलं गं. गुळगुळीत आहे."

चेष्टा की काय, समजेना.

१० मार्च

प्रगती शून्य. पडद्यासमोर नुसता बसतो, पाहुण्यांकडे आल्यासारखा.

१२ मार्च

काकूचा फोन. मशीनबद्दल चकार शब्द नाही, सगळी तक्रार काकाची. "हल्ली पेपरसुद्धा मीच वाचून दाखवायचा! कामाला जातोय तोवरच ही राजेशाही. घरी बसला की काय करेल?"

१४ मार्च

माऊसचं चाक फिरवलं की चित्र मोठं होतं, हे मी काकाला शिकवलंच नव्हतं. इतकं साधं, की सांगायचं सुचलं नाही! आज माझ्याकडून चुकून चाक फिरलं. काका खुर्चीसकट पुढे सरकला.

"थांब. अजून मोठं कर."

केलं.

"अजून."

"हत्तीला बसवायची आहे का?"

"अगं, कर ना!"

पडदाभर एकच दाढ. त्याने आपणहून माऊस मागितला. एक खाच नीट केली, मग तिच्या शेजारची. डोळे सताड उघडे. डबा तसाच राहिला. मालकीणबाई दारात उभं राहून बघून गेल्या.

निघताना काका काहीतरी म्हणाला. उद्या लिहीन.

१५ मार्च

म्हणाला, "किती दिवसांनी खाच दिसली गं मला."

सोमवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. मालकीणबाईंना एवढंच कळवलं — काकांना जमलं.