शहाणा ठरला तर

मंगळवार संध्याकाळ, सुरत

खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाच्या मानसिक तपासणीचा माझा अहवाल उद्या बाल न्याय मंडळापुढे ठेवायचाय आणि मी शेवटच्या ओळीवर अडलेय. आपण काय करतोय हे त्या मुलाला कळत होतं का? कळत होतं असं लिहिलं, तर सतरा वर्षांच्या पोरावर मोठ्यांसारखा खुनाचा खटला चालू शकतो.

उधन्याच्या लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात, भांडण झालं, त्याने सोबतच्या कारागिराच्या डोक्यात रॉड घातला, माणूस गेला. आज प्रश्न संपायच्या आत तो मान हलवत होता. "मने बधी खबर हती, मॅडम." सगळं माहीत होतं म्हणे; मी तसंच लिहून घेतलं.

बाहेर त्याची आई उभी होती, धुळ्याकडची. म्हणाली, "बेन, मना पोऱ्या शाना शे. मीच त्याले सांगं, म्हन माले सम्दं समजस. येडा वाटना तं सोडतीन नही."

वेडा वाटला तर सोडणार नाहीत, या भीतीने 'मला सगळं समजतं' असं म्हणायला तिनेच शिकवलं होतं. इथे शहाणा ठरणंच घातक, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं तर ती त्याला उलट पढवणार.

परत आत गेले. विचारलं, "रॉड मारताना काय होईल असं वाटलं?" या वेळी मान हलली नाही. मग म्हणाला, "पडेल. कामाची पाळी संपेपर्यंत उठेल."

आणि लगेच, घाबरून, "हे बरोबर बोललो ना, मॅडम?"

ती ओळ आज लिहिणार नाही. उद्या मंडळाकडे आणखी एक भेट मागेन. नाहीच मिळाली, तर अहवालात त्याची दोन्ही उत्तरं देईन, आणि त्याचा हा शेवटचा प्रश्नही.