थोरले, धाकटे आणि दक्षता मंडळ

३ मार्च
आज एकमताने ठरलं. मत माझं. पाळीव प्राण्यांच्या धंद्यावर नजर ठेवायला स्वतंत्र संस्था हवीच. सगळीकडे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.
परवाचंच घ्या. दोन ससे आणले. कोपऱ्यावरचा पेट शॉपवाला म्हणे, एक नर, एक मादी, वेगळे ठेवा. मी उचलून एक नजर टाकली. दोन्ही नर. दुसरा पिंजरा गळ्यात मारायचा डाव! पिंजरा एकच घेतला. नावं थोरले आणि धाकटे.
बायकोची अट: घरात तिसरा ससा दिसला तर एक जण घराबाहेर. हसून हो म्हटलं. दोन भावांत तिसरा येणार कुठून?

६ मार्च
ससे दक्षता मंडळ स्थापन. अध्यक्ष मी. सचिव खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि स्टॅपलरही आहे. कोरमसाठी बायको सभासद. ती म्हणाली, आधी गॅलरीतल्या गळक्या नळाची दक्षता घ्या.
संकल्प: उद्या नळ.

९ मार्च, सकाळ
नळ राहिला. नियमावली लिहीत होतो. नियम चार लिहिताना मलाच भरून आलं. बाळंत झालेल्या मादीला घरातली सर्वांत शांत, अंधारी खोली द्यावी. पुरुषांनी तिथे फिरकू नये. पेट शॉपवाल्याकडे एकच खोली, तीही रस्त्यावर. बरोबर कचाट्यात सापडेल.

१५ मार्च
मंडळाचं पहिलं प्रमाणपत्र. थोरले: नर. धाकटे: नर. तपासणी आणि सही माझीच. हेडमास्तर म्हणाले, एकदा प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवू या. घरात तज्ज्ञ असताना?
पेट शॉपवाल्याला नोटीस. ग्राहकाची दिशाभूल. सुनावणी २ एप्रिलला, आमच्या हॉलमध्ये.

२३ मार्च
थोरले सुटलेत. पोट चांगलंच दिसतं. बैठं आयुष्य, दुसरं काय. त्यांचं डाएट सुरू. सोबत म्हणून माझंही.
दुपारी बायकोने केक केला. माझं उद्यापासून.

३० मार्च
थोरल्यांनी डाएट धुडकावलं. मीही त्यांना एकटं पाडलं नाही.

३१ मार्च
थोरले तोंडात गवत धरून कोपऱ्यात नीट रचतायत. धाकटे जवळ गेले की अंगावर धावून जातात. काय ती टापटीप! बायकोला म्हटलं, जरा शिक यांच्याकडून. रात्रीचं जेवण माझं मीच वाढून घेतलं.

१ एप्रिल
थोरले छातीचे केस उपटतायत. सुनावणीचं टेन्शन. मलाही आहे, पण माझ्याकडे उपटायला काही उरलेलं नाही.

२ एप्रिल
सुनावणी. पेट शॉपवाला वेळेवर आला, चहासुद्धा प्यायला. मी खणखणीत आवाजात प्रमाणपत्र वाचलं. 'थोरले: नर' म्हणालो आणि पिंजऱ्यातला केसांचा ढीग हलला. बायकोने गवत बाजूला केलं.
सहा.
थोरले बाळंत झाले होते.
मी म्हटलं, ससा या प्राण्यात कधीकधी असं होतं. पेट शॉपवाल्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "दुसरा पिंजरा अजून आहे दुकानात. पाठवू?"
मग हेडमास्तरांनी नियम चार वाचला. वर्गात वाचावा तसा, दोनदा. घरात तशी खोली एकच, आमची बेडरूम.
मी बायकोला अट आठवू नये म्हणून सहाही पिल्लांचं कौतुक करत राहिलो. तिला आठवली.
"एक जण बाहेर, एवढंच ठरलं होतं," ती म्हणाली. "कोण, ते ठरायचं होतं."

४ एप्रिल, गॅलरी
मंडळाच्या नव्या अध्यक्ष बायको. बिनविरोध. पूर्ण विचाराअंती माझं मत असं की पाळीव प्राण्यांच्या धंद्याला संस्था वगैरेची काही गरज नाही. माणसाने विश्वासावर चालावं.
पिल्लं अजून धड पाहायला मिळालेली नाहीत. दाराशी गेलो तर आतून नियमाचा नंबर ऐकू येतो. वाईट वाटतं. नावंसुद्धा काढून ठेवली होती.
धाकटे नव्या पिंजऱ्यात, माझ्या उशाशी. पाय आपटतात. नळ ठिबकतो.
प्रमाणपत्र पुन्हा काढून पाहिलं. धाकटे: नर. म्हणजे दोनांत एक बरोबर. हेडमास्तरांच्या शाळेत मी पास झालो असतो.