पातळ तेल टाकलं, बाबा

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि अजूनही तुम्ही मला माझ्याच गाडीत माझ्या मनाचं तेल टाकू देत नाही. म्हणून हे लिहायला बसले. राग आलाय, आणि समोरासमोर भांडायची सोय तुम्ही ठेवली नाही.

आधी हे सांगते की मी गाडी घेतली. जुनीच, दहा वर्षं वापरलेली, पेट्रोलवरची, छोटी. मलकापूरच्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी विकली. हौस म्हणून नाही घेतली. आईच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा तिला मोताळ्याहून बुलढाण्याला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि परत येताना तिच्यात एसटीत बसायचं त्राण राहत नाही, मागच्या सीटवर आडवी होऊन येते. एक फेरी चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तेव्हा तिला श्वास घेता येईना, ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. तर ही गाडी सोमवारी आणि गुरुवारी वाटेतला राजूरचा घाट चढलीच पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

गाडी घरी आणली, तेलाचं टोपण उघडून पाहिलं तर आतून नुसतं डांबर. त्या साहेबांनी गाडी रोज पुसली असेल, तेल काही बदललेलं दिसत नव्हतं. मग गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि रविवारची सगळी दुपार ते वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे: सिंथेटिक तेल, पाच-तीस. म्हणजे पातळ, थंडीतही लगेच वाहणारं. तेलासोबत तेलाचं फिल्टर नवं, हवेचंही नवं. मी मलकापूरला गेले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी पुरुष येतोय का तेही पाहिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, गाडी कोण चालवते?" मी म्हटलं, मीच. तर म्हणे, "मंग सेमी सिंथेटिक न्या, बायांच्या हातच्या गाडीले चालते." तेलाला कसं कळतं हो बाबा, स्टिअरिंगवर कोणाचा हात आहे ते? फिल्टरचंही तेच. आधी त्यानं नकली पुढे केलं, खोक्यावरचं छापलेलं नाव पुसट, रबर हाताला कडक. मी नको म्हटलं तेव्हा कुठे असली निघालं. तिथे अर्धा दिवस गेला, पण जे पुस्तकात होतं तेच घेऊन आले.

खरी कटकट इथे सुरू झाली. मोताळ्यात पाना धरणारा प्रत्येक माणूस तुमच्या हाताखालून गेलेला. तीन गॅरेजं फिरले आणि तीनही ठिकाणी तुम्हीच भेटलात. "ताई, जुन्या इंजिनाले पातळ तेल टाकतेत काय? उस्तादनं आम्हाले सांगेल हाय, इंजिन म्हातारं झालं का तेल जाड करा. बीस-पचास टाका, डोळे मिटून चालवा." मी पुस्तक दाखवते, ते पुस्तकाकडे बघतही नाहीत. दुसऱ्याकडे तर तुमचा फोटो आहे भिंतीवर, हार घातलेला, आणि त्यानं बोलता बोलता त्या फोटोकडे बोट केलं. आता तुमच्या फोटोशी मी काय वाद घालू?

अहो, तुम्ही ते बोललात ते तुमच्या काळातल्या जिपांबद्दल बोललात! त्या इंजिनांचे सांधे झिजून इतके मोकळे झालेले असायचे की जाड तेलाशिवाय ती उभीच राहिली नसती. या इंजिनातल्या तेलाच्या वाटा बारीक आहेत, सकाळी गार असताना जाड तेल वर पोचायलाच वेळ लागतो, तोवर आत लोखंडावर लोखंड. तुम्ही आज असता तर तुम्हीच हे बोटानं तपासून मान्य केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण खात्री नाही. तुम्ही हट्टी होतात.

ते बोटांनी तपासणं मला अजून दिसतं. तुम्ही इंजिनातलं तेल मोजायची दांडी ओढून तिच्यावरचं तेल अंगठ्यावर घेता, तर्जनीनं चोळता, वास घेता, आणि डोळे बारीक करून सांगता, "पाणी शिरेल हाय" किंवा "अजून महिनाभर चालते." मी बारा वर्षांची आहे, डबा द्यायला आलेली, आणि तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात मी एका जिपेची दांडी ओढून तसंच चोळून बघतेय. तुम्ही घास तसाच ठेवून उठलात. "काऊन हात लावला? हे पोरीचं काम हाय काय? जाय, घरी जाय!" चार माणसांसमोर. मी रडले नाही, पण माझे कान तापले होते. आणि मग तुम्हीच रॉकेलचा बोळा घेऊन माझं एकेक बोट पुसून दिलंत, नखांच्या कडांसुद्धा, आईला कळू नये म्हणून. मला तेव्हा ओरडा कळला, पुसणं कळलं नाही. आजही नीट कळत नाही. एवढ्या पोरांना शिकवलंत तुम्ही, आणि घरात शिकायला तयार असलेलं एक माणूस तुम्हाला दिसलं नाही. याचा मला राग आहे बाबा. तेलाचा त्यामानानं कमीच आहे.

असो. शेवटी मी तुमच्या सगळ्यात जुन्या चेल्याकडे गेले. आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्याला तेलाचा डबा दिला, फिल्टर दिलं, पुस्तकातलं पान उघडून वाचून दाखवलं. तो ऐकून घेत होता, "हाव ताई, हाव ताई." संध्याकाळी म्हणाला, झालं काम. मीही डोकं असलेली बाई, पण विश्वास ठेवला.

गुरुवारी घाटात अर्ध्यावर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे आई. तिचा चेहरा आधीच सुजलेला, आणि ती मलाच धीर देतेय, "घाबरू नको वं, लागते कधी कधी दिवा." दांडी काढून पाहिली तर तेल भरपूर, पण मधासारखं जाड. तिला पाणी द्यावं म्हणून डिक्की उघडली, चटई सरकवली, तर खाली माझा तेलाचा डबा. न उघडलेला. त्याच्या शेजारी नवं फिल्टर, खोक्यासकट. मी तिथेच कपाळावर हात मारला. फोन लावला तर पलीकडून अगदी शांत आवाज: "ताई, तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही भांडल्या असत्या. बीस-पचास टाकलं. अन् फिल्टर चांगलं होतं, डिझेलमंधी धुऊन बसवलं, उस्ताद धुवत तसं. नवं तुमाले जपून ठेवलं." बाबा, तुम्ही धुवायचात ते जिपेचं फिल्टर उघडून धुवायचात. हे चारही बाजूंनी बंद डबडं! त्यात डिझेल ओतून हलवलं की गाळ नुसता सुटतो आणि इंजिनात जाऊन तेलाची वाट अडवतो, म्हणून तो दिवा. पण तुम्ही धुतलं होतं ना, मग संपलं. काय बोलावं? मी बोलले ते इथे लिहीत नाही. घाटातून एक बुलढाण्याचा रिकामा टेम्पो मिळाला, त्यानं आम्हा दोघींना पुढे बसवून नेलं. दीड तास उशिरा तिला मशीन लागलं. नर्स माझ्यावर ओरडली, आणि तिचं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या टेम्पोनं गाडी ओढून घरी आणली आणि शुक्रवारी मीच तिच्याखाली शिरले. सेहेचाळीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेसवर जुना शर्ट, पाठीखाली खताचं पोतं. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काय झालं वं, पडली काय तू?" पुस्तकात लिहिलं होतं तसंच केलं. खालचा बोल्ट सोडला, तेल गळू दिलं, खालचं तेलाचं चेंबर उतरवून त्यातली गाळ अडवणारी जाळी खरवडून साफ केली, बोल्टचं वायसर नवं, फिल्टरच्या रबराला बोटानं तेल, मग हातानं आवळलं, पान्यानं नाही. पातळ तेल टाकलं, बाबा. पाच-तीस. सुरू केली तेव्हा दिवा क्षणात विझला आणि गाडी आणल्यापासून रोज सकाळी होणारी इंजिनाची खडखड गेली. मी एकटीच अंगणात हसले. तेव्हापासून आईच्या पाच फेऱ्या झाल्या. एकही चुकली नाही.

आणि आता लाज वाटते ते सांगते. परवा फरशीवर थेंब दिसला. तुमचं म्हणणं होतं ना, पातळ तेल जुन्या सीलमधून वाट काढतं? काढलंय. थोडंसं, रुपयाएवढं. मी पुसून टाकलं, सकाळी पुन्हा आलं. शेवटी झक मारत त्याच चेल्याला बोलावलं. तो खाली आडवा झाला आणि टॉर्च मारत एकेक जागा फडक्यानं पुसून बघू लागला. मी वाट बघत होते की आता हा 'मी म्हणलं नव्हतं?' म्हणणार. तो म्हणाला, "मागचं सील हाय, बदलून देतो, पातळच राहू द्या." मग पुन्हा टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "पण ताई, हे फिल्टर, हा बोल्ट, एवढं साफ काम हाय. जास्त नाई आवळलं, कमी नाई आवळलं. कोनं शिकवलं तुमाले?"

पुस्तकानं शिकवलं होतं. माझ्या हट्टानं शिकवलं होतं. ते सांगायची संधी चौतीस वर्षांनी आली होती. मी म्हटलं, "बाबांनी."

तो खालूनच म्हणाला, "वाटलंच मले."

मी त्याला खरं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.