मंगळवारचा की बुधवारचा

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्यापेक्षा जास्त आहे, तरी हे लिहिताना पाठ ताठ करून बसलोय. तुमचं प्रतिज्ञापत्र माझ्याकडे अजून आहे. त्यावर ठाण्याच्या कोर्टाचा शिक्का आहे, तुमची सही आहे, आणि मुलाची जन्मतारीख माझ्या चुकीमुळे शाळेत एक दिवस आधीची नोंदली गेली, असं एक वाक्य आहे. तुमची चूक नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं आणि मलाही.

छप्पन साल असावं. जर्मनीतलं माझं शिक्षण संपलं होतं आणि विद्यार्थी म्हणून राहायचा परवाना महिनाअखेरपर्यंतच होता. जिथे उमेदवारी केली त्या कारखान्यात नोकरी मिळत होती, पण नोकरी करायची तर परवाना बदलून घ्यायला हवा, आणि त्यासाठी जन्माचा दाखला हवा. तुम्ही तो नगरपालिकेतून काढून पाठवलात. मी त्याचं भाषांतर करून घेऊन, अर्ज भरून, ऐटीत परदेशी लोकांच्या कचेरीत जातो. टेबलामागचे गृहस्थ पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवतात, दोन्हींवर एकेक बोट टेकवतात आणि विचारतात, यातले तुम्ही कोण? पासपोर्टावर शाळेची तारीख, म्हणजे मी मंगळवारचा. नगरपालिकेत मी बुधवारचा. माझा जन्म पहाटे साडेचारचा आणि आपल्याकडे सूर्य उगवेपर्यंत आदलाच वार, हे मी होतं नव्हतं तेवढं जर्मन पणाला लावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की तारीख रात्री बारालाच बदलते, तुमच्या देशातसुद्धा. तेव्हा वडिलांनी चूक झाली असं शपथेवर लिहून द्यावं, महिनाअखेरच्या आत, नाहीतर सामान बांधा.

त्याच दिवशी तुम्हाला लिहिलं. तेवीस दिवस उरले होते. तुमचं उत्तर आलं तेव्हा चौदा. ‘पंचांगाप्रमाणे वार मंगळवारच. मी चुकलेलो नाही, तेव्हा चुकलो असं शपथेवर सांगणार नाही.’ खाली अनेक आशीर्वाद. इतका संताप आला की मी ते पत्र चुरगाळलं, आणि पुन्हा सपाट करून वाचलं, न जाणो मागच्या बाजूला काही असेल म्हणून. वीस वर्षं तुम्ही कोर्टात. साक्षीदारांकडून शपथ वदवून घ्यायची हे तुमचं रोजचं काम, आणि आज कोण धडधडीत खोटं बोलला हे जेवताना आम्हाला सांगायची खोड. मोडेन पण वाकणार नाही, हा तुमचा खाक्या मला काय नवा होता? पण या वेळी मोडणार होतो तो मी. मी दुसरं पत्र लिहिलं. पंचांगाचा वाद घातला नाही. एवढंच लिहिलं की परवाना मिळाला तर एकच वर्ष काम शिकून घरी येतो, नाही मिळाला तर इतकी वर्षं पाण्यात.

पुढचं मला आईच्या पत्रातून कळलं. पत्र खिशात घेऊन दोन दिवस तुम्ही कोर्टात जाऊन आलात. तिसऱ्या दिवशी रजा टाकलीत आणि कोर्टात पक्षकारांच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. शपथ द्यायला तुमच्याच हाताखाली तयार झालेला कारकून. तो बिचारा अवघडला.

“अहो, तुम्हाला मी कसली शपथ द्यायची? सही करा नुसती.”

“नुसती सही चालत नाही. तू म्हण, मी मागून म्हणतो.”

घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, “वर्षाचाच तर प्रश्न आहे.”

कागद माझ्या हातात पडला तेव्हा दोन दिवस उरले होते. त्या गृहस्थांनी अर्धं मिनिट तो पाहिला, नक्कल ठेवून घेतली, मूळ मला परत दिला आणि परवान्यावर शिक्का मारला. मला आनंद झाला, नाना. नुसता आनंद. लाज फार उशिरा वाटली.

वर्ष संपलं तेव्हा मी मुदत वाढली म्हणून कळवलं. तुम्ही कधी येतोस असं विचारलं नाहीत, त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याची तार आली, आणि मी पोचलो तो थेट चौदाव्याला. आई म्हणाली, शेवटपर्यंत ते सांगत होते, काम संपलं की येईल.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. परवान्याच्या त्या अर्जात एक रकाना होता: किती काळ राहण्याचा विचार आहे? एकच वर्ष, असं तुम्हाला लिहिलं त्याच्या नऊ दिवस आधी मी तो भरून दिला होता. तिथे मी ‘कायम’ असं लिहिलं होतं.