खरेदीखतावरचे नाव

पालम,
३ जानेवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझे बोलणे मला विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते आणि मी भलत्याच ठिकाणी हो म्हणून बसतो, म्हणून पत्रच बरे. परभणीतले चन्नप्पा शेटजींचे घर तू ठरवलेस आणि इसारही देऊन मोकळी झालीस, हे कळल्यापासून मी भेटेल त्याला चहा पाजतो आहे. दवाखान्यात नर्सची ड्यूटी, घरचे सगळे, आणि वर हा उद्योग! आमच्या सिद्धोधनावर सोडले असते तर तो अजून पेपरातल्या जाहिरातीच वाचत बसला असता. माझाच मुलगा आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

माझ्या निवृत्तीचे पैसे तुम्हाला दिले, तुमची शिल्लक आहे, बाकीचे बँक देते आहे. मग तू आणखी पैसे वेगळे कशाला राखून ठेवतेस? सिद्धोधन सांगत होता, त्याला त्यातून रुपया काढू देत नाहीस. किंमत चुकती केली की घर आपले, एवढेच मला ठाऊक.

एक मागणे आहे. खरेदीखतावर तुम्हा दोघांबरोबर माझेही नाव असू दे. जिंतूर, राणीसावरगाव, पालम, मास्तरकी सगळी भाड्याच्या खोल्यांत गेली. म्हाताऱ्याची हौस म्हणून हस हवे तर, पण नाव घाल.

तुझ्या सासूबाई गुरुवारच्या बसने तिकडे येत आहेत. त्यांना घर बघायची फार घाई झाली आहे. थंडीत रात्रपाळीला जाताना कान बांधत जा. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझा,
बाबा (सूर्यभान वाव्हळे)


परभणी,
१० जानेवारी २०२५

ती. बाबांच्या सेवेशी,

रोहिणीचा सविनय जयभीम. वि. वि.

आई सुखरूप पोचल्या. आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरातले डबे नव्या क्रमाने लावले, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

बाबा, किंमत चुकती केली की घर आपले होत नाही, तिथून दुसरा खर्च सुरू होतो. आमच्या दवाखान्यातल्या कस्तुराबाईंची नोंदणी ऐन दिवशी अडली होती. घराचे पैसे होते, मुद्रांकाचे नव्हते. ते ऐकल्यापासून मी वरखर्चाचे पैसे पगारातून वेगळे काढत आले. मुद्रांक शुल्क आहे, नोंदणीची फी आहे, घरावर कुणाचा बोजा नाही ना हे वकिलांकडून तपासून घ्यायचे आहे. कर्ज देताना बँकही आपली फी घेतेच. मग वीज आणि नळ आपल्या नावावर करायचे.

तरी माझे चुकलेच. मुद्रांकाचा हिशेब मी सौद्याच्या किमतीवर धरला. वकील सुकेशनीताईंनी सांगितले, की सरकारी दराने या घराची किंमत जास्त भरते आणि दोन्हींत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागते. रंगकाम पुढे ढकलले, ओटा आहे तोच ठेवला, तरी तीस हजार कमी पडतात. महिनाअखेर खरेदीखत झाले नाही तर इसार बुडेल. पतसंस्थेतून कर्ज काढायचे म्हणते. व्याज जड आहे, पण दोघे मिळून निभावू.

तुमचे नाव मात्र खरेदीखतावर येणार म्हणजे येणार. तुम्ही आयुष्याची पुंजी आमच्या हाती दिलीत, एकदाही मागे वळून विचारले नाहीत. एवढे तरी आम्हाला करू द्या. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

आपली,
रोहिणी


पालम,
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,

सप्रेम जयभीम. आशीर्वाद नेहमीचेच, पण आज राग आधी. वि. वि.

तुझ्या पत्राआधी तुझी सासू घरी पोचली. भाकरी वाढता वाढता तिने सगळे सांगितले. खरेदीदार फक्त बायका असतील तर शुल्कात एक टक्का सूट आहे, असे वकीलबाई तिच्यासमोरच म्हणाल्या. म्हणजे कमी पडतात तेवढेच पैसे वाचतात. आणि तू त्यांना गप्प केलेस, हे बाबांच्या कानावर घालू नका म्हणालीस. सुला मला म्हणाली, पोरगी तुमच्या नावापायी कर्ज काढायलीय, अन् तुमी हितं गावाला चहा पाजायलाव.

आता खरे ऐक. हौस हा शब्द मी लाजून लिहिला होता. बदलीच्या गावी खोली बघायला गेलो की घरमालक आधी आडनाव विचारी. सांगितले की त्याला एकदम आठवे, की पाहुणे राहायला येणार आहेत. एका गावी तर सुलाने महिनाभर शाळेच्या व्हरांड्यात चूल मांडली. तेव्हापासून मनात होते, की सरकारी शिक्क्याच्या कागदावर हे आडनाव घरासकट लिहवून घ्यायचे. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. रात्री जेवण गेले नाही.

पण पोरी, आडनाव तुझेही तेच आहे. माझे नाव काढ, सिद्धोधनाचेही काढ, तुझे एकटीचे घाल. मी शेकडो मुलांना हिशेब शिकवला, पण जो खर्च कुणाच्या ध्यानीमनी नाही तो ओळखून पैसे राखणारी मी तुझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. चुकलीस म्हणतेस तेही एवढेसेच. पतसंस्थेची पायरी चढलीस तर माझी पत्रे बंद, ही धमकी समज.

रागावलो तरी तुझाच,
बाबा


परभणी,
२९ जानेवारी २०२५

ती. बाबांच्या सेवेशी,

सविनय जयभीम. वि. वि.

काल खरेदीखत झाले. कर्ज काढले नाही. तुमचे पत्र मी यांना वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर यांनी उठून स्वतः चहा केला. बाबा, तुमच्याएवढे मोठे मन मी कुठे पाहिले नाही.

तुमचे मी अर्धेच ऐकले, एवढे सांगायचे आहे. नाव माझे एकटीचे नाही, माझे आणि आईंचे आहे. दोघीही बायका, त्यामुळे सूट गेली नाही. बँकेने कागद बदलायला चार दिवस पळवले. सह्यांसाठी आईंना पुन्हा बोलावून घेतले. त्यांना नवे लुगडे घ्यायचे आहे असे तुम्हाला कळवले, ते निमित्त खोटे होते. तुम्हाला आधी कळले असते तर नको म्हणाला असता.

नोंदणी झाल्यावर आम्ही दोघी नव्या घरी गेलो. मी कुलूप उघडत होते, तेवढ्यात शेजारच्या बायनाबाई बाहेर आल्या. भाड्यानं आलात का, म्हणून विचारले आणि मागोमाग आडनाव विचारले. आई पायरीवर उभ्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, सुलाबाई सूर्यभान वाव्हळे, अन् भाड्यानं न्हाई बाई, घर माझ्या नावावर हाय. बायनाबाई मग नळाला पाणी कधी येते ते सांगू लागल्या.

त्या आपल्या घरात गेल्यावर आईंना पायरीवरच रडू फुटले. मी आत चला म्हणाले तर म्हणाल्या, थांब, मला हितंच बसू दे, आता कोण उठवतंय मला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

रविवारी या. आपल्या पायांची वाट बघणारी,

रोहिणी